पाऱ्याला न दिसलेली उष्णता

नंदुरबार जिल्ह्यात पदार्थाच्या तिन्ही अवस्था एकाच हिवाळ्यात, उघड्यावर बघायला मिळतात. सातपुड्याच्या माथ्यावर डाबला पहाटे गवतावरचं दव गोठतं. खाली नंदुरबार शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीतलं पाणी दिवसभर हवेत निघून जात असतं. आणि शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात त्याच वेळी उकळत्या पाकातून साखरेचा दाणा आकार घेत असतो. मी शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं. स्थायू, द्रव आणि वायू हा धडा किती तुकड्यांना शिकवला असेल त्याची मोजदाद नाही. पण हा धडा मला ज्यांनी शिकवला त्यांच्यात पेशानं शिक्षक असलेला माणूस एकच. बाकीच्यांत एक पॅनमन, एक पथारीवर राबणारी मावशी आणि एक डोंगरातली आजी.

या चौघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. तरी माझ्या मनात ते एका रांगेत बसतात, कारण चौघांनीही मला एकाच प्रश्नाच्या जवळ नेलं: आत्ता या पदार्थाच्या आत कण काय करत असतील? हा प्रश्न विचारायची सवय लागली की जग पहिल्यासारखं राहत नाही. चुलीवरचं आधण, वाळत घातलेलं धोतर, देवापुढचा कापूर, सगळीकडे काहीतरी चाललेलं आहे हे जाणवू लागतं. ही नजर माझ्या पदरात ज्यांनी घातली त्यांचं देणं मी लागते. ते लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

*

सर आमच्या शाळेत धुळ्याकडून बदली होऊन आले. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना आवडत नसे, म्हणून इथेही 'सर' एवढंच लिहिते. शहादा तालुक्यातल्या आमच्या गावची शाळा कौलारू होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट. त्यात दोन-चार चंचुपात्रं, स्पिरिटचा दिवा आणि कापसात जपून ठेवलेली तापमापी.

पहिल्याच तासाला सरांनी सुई नसलेली एक सिरिंज खिशातून काढली. तीत हवा भरून घेतली, एका मुलाला तोंडावर बोट घट्ट धरायला सांगितलं आणि दुसऱ्याला दट्ट्या दाबायला. दट्ट्या बराच आत गेला आणि सोडल्याबरोबर मागे आला. मग तीच सिरिंज पाण्यानं भरली. आता वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा जोर लावत होता, तरी दट्ट्या तसूभर सरकेना.

"हवेत असं काय आहे, जे पाण्यात नाही?" सरांनी विचारलं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "जागा."

"बरोब्बर," सर म्हणाले. "मोकळी जागा."

त्या एका उत्तरावर त्यांनी पुढचे कितीतरी तास उभे केले. वायूत कण एकमेकांपासून दूर असतात आणि सुसाट धावतात, म्हणून वायू दाबता येतो आणि मिळेल तेवढी जागा व्यापतो. द्रवात ते जवळजवळ स्थायूइतकेच दाटीनं असतात, पण जागा बदलू शकतात. म्हणून पाणी दाबलं जात नाही आणि वाहतं मात्र. स्थायूत त्यांची जागा ठरलेली, तरी तिथल्या तिथे कंप पावणं सुरूच. बर्फात, पाण्यात आणि वाफेत रेणू तोच असतो. बदलतं ते त्यांच्यातलं अंतर, त्यांची मांडणी आणि त्यांची हालचाल. एक ग्रॅम पाणी एका घन सेंटिमीटरमध्ये मावतं. तेच १०० अंशांना वाफ झालं की जवळपास १,७०० घन सेंटिमीटर जागा घेतं. "रेणू फुगला का?" सर विचारायचे, आणि सगळा वर्ग एका सुरात "नाही!" म्हणायचा.

कण दिसत नाहीत, मग ते आहेत हे कशावरून, असं मी एकदा उभी राहून विचारलं. मुलीनं असा उलट प्रश्न विचारायची त्या वर्गात पद्धत नव्हती. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. वस्तू अतिसूक्ष्म कणांची बनलेली असते हा विचार आपल्याकडे कणादांनी मांडला, हे त्यांनी सांगितलं. पण विचार आणि पुरावा यांत अंतर असतं, हेही लगेच सांगितलं. मग १८२७ सालच्या रॉबर्ट ब्राउनची गोष्ट आली. परागकणांतून पाण्यात सुटलेले अतिबारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली अखंड थरथरताना त्यानं पाहिले. ते जिवंत असावेत म्हणावं, तर दगडाची पूडही तशीच थरथरत होती. त्यांना चहूबाजूंनी पाण्याचे रेणू धडका देतात आणि त्या धडका सगळीकडून सारख्या बसत नाहीत, याचं गणित आइन्स्टाइननं १९०५ मध्ये मांडलं. फ्रान्समध्ये झाँ पेराँ यांनी चिकाटीनं मोजमापं करून ते पडताळून पाहिलं आणि रेणूंच्या अस्तित्वाबद्दलची शंका मिटवली. त्यांना १९२६ चं नोबेल मिळालं. कौलांच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचत होती, तिच्याकडे बोट दाखवून सर म्हणाले, "ही बघून फसू नका. हिला वाऱ्याची झुळूक नाचवते. ब्राउननं पाहिलं ते याहून फार बारीक." चूक निष्कर्ष सोपा आणि देखणा असला तरी तो सोडून द्यायचा, हे मी त्या दिवशी शिकले.

आणि मग ती बर्फाची सकाळ. शनिवारच्या शाळेला सर सायकलच्या कॅरिअरवर गोणपाट बांधून आले. आत लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी होती, शहाद्याहून आणलेली. ती फोडून चुरा त्यांनी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात घातला, मधोमध तापमापी धरली आणि खाली स्टोव्ह पेटवला. एकानं ढवळायचं, एकानं पारा वाचायचा, एकानं फळ्यावर लिहायचं. फळ्यावर शून्य आलं. पुन्हा शून्य. पुन्हा शून्य. स्टोव्ह भरभर जळत होता, पातेल्यात पाणी वाढत होतं आणि फळ्यावर शून्याखाली शून्य उतरत होतं. बर्फाचा शेवटचा खडा दिसेनासा झाला तेव्हा कुठे पारा चढू लागला. शंभराच्या अगदी जवळ जाऊन तो पुन्हा थांबला. पाणी खळाखळा उकळत होतं, वाफ कौलांना भिडत होती, आणि पारा होता तिथेच.

"रॉकेल जळतंय, उष्णता आत जातेय. मग ती जाते कुठं?" एवढं विचारून सरांनी शाळा सोडली. रविवारभर आम्ही त्यावर वाद घातले.

सोमवारी त्यांनी सांगितलं ते आजही माझ्या वहीत आहे. कण किती वेगानं हालतात तेवढंच पाऱ्याला कळतं. बर्फ वितळताना मात्र आत गेलेली उष्णता कणांचा वेग वाढवत नाही. त्यांना जागेवर धरून ठेवणारी जी ओढ असते ती सैल करण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फाला शून्य अंशावरच पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी लागतात. एवढ्या उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. आणि उकळत्या पाण्याची वाफ करायला ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी. हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो जोसेफ ब्लॅकनं, ग्लासगोला, १७६०च्या आसपास. न दिसणाऱ्या या उष्णतेला आपल्या पुस्तकात 'अप्रकट उष्मा' म्हणतात.

दहावीनंतर मला पुढे शिकवायचं की नाही असा प्रश्न घरात आला, तेव्हा सर न बोलावता आमच्या ओसरीवर येऊन बसले. बाबांशी ऊस, पाऊस, विहिरीचं पाणी असं बरंच बोलले आणि उठता उठता म्हणाले, "पोरगी प्रश्न विचारते. अशांची शाळा बंद करू नये, भाऊ." बाबांनी मान डोलावली. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यावर झालं.

*

पुढच्या शिक्षणासाठी राहायचं कुठे, हा प्रश्न मामानं सोडवला. तो सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होता. कारखान्याच्या वसाहतीतल्या त्याच्या दोन खोल्यांत त्याची चार माणसं होती, त्यांत मी पाचवी. मामीनं माझं ताट कधी वेगळं मोजलं नाही. गळिताच्या हंगामात मामा रात्रपाळीहून घरी आला की त्याच्या कपड्यांना काकवीचा गोडसर वास यायचा, आणि मी त्या वासावर डोळे चोळत अभ्यासाला उठायची.

एकदा त्यानं मला पॅन बघायला नेलं. उसाचा रस स्वच्छ करून, आटवून त्याचा दाट पाक होतो, तो या बंद पॅनमध्ये येतो. पॅनला काचेची खिडकी असते. आत पाक उसळताना दिसत होता. बाजूच्या तापमापीकडे बघून मी चक्रावले. पाक ६५ अंशांच्या आसपास उकळत होता! मामानं निर्वात मापकाकडे बोट दाखवलं. "आतली हवा खेचून घेतो आपण. वरून दाबच नाही म्हटल्यावर पाणी लवकर सुटतं. उघड्या कढईत एवढं आटवलं तर साखर करपून काळी होईल." घरी येऊन मी सरांची वही काढली. उकळायचं म्हणजे द्रवाच्या आत वाफेचे बुडबुडे तयार व्हावे लागतात आणि बाहेरच्या हवेचा दाब त्यांच्या आड येतो. दाब कमी केला की कमी तापमानालाही ते बुडबुडे फुगून बाहेर पडू शकतात. ही युक्ती एडवर्ड हॉवर्डनं १८१३ साली इंग्लंडमध्ये काढली आणि साखरेचा धंदा जगभर बदलून गेला.

पुढे शाळेची सहल घेऊन तोरणमाळला गेले तेव्हा मामाच्या पॅनची आठवण झाली. समुद्रसपाटीपासून साधारण १,१५० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९६ अंशांच्या सुमारास उकळतं. पाणी उकळतंय म्हणजे डाळ शिजतेय असं वरवर वाटतं. पण त्या चार अंशांनी डाळ बराच वेळ खाते. कुकरमध्ये याच्या उलट: वाफ कोंडून दाब वाढवायचा, म्हणजे पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं आणि डाळ झटपट शिजते. यशवंत तलावाच्या काठी तीन दगडांच्या चुलीभोवती उभ्या राहून पोरींनी हे सगळं स्वतः मांडलं, तेव्हा मामा तिथे असायला हवा होता असं वाटून गेलं.

पण मामानं दिलेली खरी गोष्ट दाण्याची. पाक पुरेसा दाट झाला की त्यात साखरेची बारीक पूड सोडतात, आणि त्या कणांभोवती दाणा वाढू लागतो. मामा दर थोड्या वेळानं पॅनला जोडलेली दांडी ओढून नमुना काढायचा, काचेच्या तुकड्यावर पसरायचा आणि दिव्यापुढे धरायचा. अंगठा आणि तर्जनी यांत चोळून बघायचा. मलाही त्यानं काच धरायला दिली. सोनेरी पाकात इवले इवले चौकोनी तुकडे चमकत होते, धारदार कडांचे, जणू कुणी कापून ठेवलेत. विस्कळीत फिरणारे साखरेचे रेणू पाणी कमी होताच एकेक करून दाण्यावर येऊन बसतात आणि प्रत्येक जण नेमक्या कोनात बसतो. म्हणून दाण्याला कडा येतात. घाई केली, पाणी भराभर उडवलं, तर त्यांना आपापली जागा शोधायला सवड मिळत नाही. जिथे तिथे नवे बारीक कण पडतात आणि सगळा पाक बिघडतो. त्याला कारखान्यात फॉल्स ग्रेन म्हणतात. मामा म्हणायचा, "दाण्याला घाई चालत नाही." मी शिक्षिका झाल्यावर हे वाक्य मुलांच्या बाबतीत रोज वापरलं.

*

पदवीला मी नंदुरबारला आले. घरून पैसे येत, पण ते पुरत नसत. म्हणून मिरचीच्या हंगामात सुट्टीच्या दिवशी मी पथारीवर देठ खुडायला जाऊ लागले. नंदुरबारची लाल मिरची प्रसिद्ध आहे. शेतकरी ओली लाल मिरची बाजार समितीत आणतात, व्यापारी ती घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या रानात वाळत घालतात. त्या मैदानांना पथारी म्हणतात. दूरवर नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाल दिसते. ओल्या मिरचीत वजनाच्या निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी असतं. वाळल्यावर ते दहा टक्क्यांच्या आसपास उरतं, आणि क्विंटलभर ओल्या मिरचीची वाळलेली मिरची साधारण पंचवीस-तीस किलो भरते. बाकीचं सगळं हवेत जातं, एकाही ठिकाणी पाणी न उकळता.

तिथे एक मावशी होत्या. पथारीवरच त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. मिरची कधी पालटायची, ढीग कधी पसरायचा, संध्याकाळी कधी झाकायचा, हे मुकादमही त्यांना विचारून ठरवायचा. आभाळ भरून आलं आणि हवा पडली की त्या अस्वस्थ व्हायच्या. एकदा ऊन चांगलं होतं, तरी त्या म्हणाल्या, "वारा पाहिजे वो ताई. नुसतं ऊन काय कामाचं?" मी मान वर करून त्यांच्याकडे पाहत राहिले. बाष्पीभवनाचा अख्खा धडा त्या वाक्यात होता. द्रवाच्या पृष्ठभागावरचे जे कण सरासरीहून जास्त वेगवान असतात ते कोणत्याही तापमानाला निसटतात. पण आसपासची हवा त्या कणांनी भरली, तर जेवढे बाहेर पडतात तेवढेच परत येऊ लागतात. वारा भरलेली हवा दूर नेतो आणि कोरडी आणून देतो. मिरची पालटायची तीही याचसाठी, की खालची ओली बाजू वाऱ्याला मोकळी व्हावी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातांची आग आग झाली. बोटं लाल झाली होती, नखांखाली निखारे ठेवल्यासारखं वाटत होतं. मी हौदाकडे धावले तर मावशींनी मनगट धरलं. "पाण्यानं जात नाही ती. पाणी लावशील तर आग सगळ्या हातभर पसरेल." त्यांनी आपल्या फडक्यातली तेलाची बाटली काढली, माझे दोन्ही हात मांडीवर घेतले, एकेक बोट तेलानं चोळलं आणि मग राखेनं घासून धुवायला लावलं. आग उतरली. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. पाण्याचे रेणू आपसांत इतके बांधलेले असतात की तेलकट रेणूला ते आपल्यात घेत नाहीत. तेलाचे रेणू घेतात. हे मी महाविद्यालयात शिकत होते, पण हातावर उतरलं ते त्या दिवशी. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या स्वतःहून बाटली पुढे करायच्या आणि माझ्या डब्यात भाकरी कमी दिसली तर आपली अर्धी मोडून ठेवायच्या.

पथारीवरचा वास आणि पथारीवरचा ठसका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांच्यामुळेच मला नीट उमगलं. वास म्हणजे मिरचीतून वायुरूप होऊन पसरलेले रेणू. तो सगळीकडे असतो आणि सोसवतो. ठसका लागतो तो मिरचीच्या बारीक धुळीनं. म्हणून मावशी वास येतो तिथे खुशाल बसायच्या, आणि ढीग उपसताना मात्र सगळ्या बायकांना पदर नाकावर बांधायला लावायच्या. वायूचा कण पदर अडवू शकत नाही. धुळीचा कण त्या मानानं डोंगराएवढा असतो, तो अडतो.

*

नोकरी लागली ती अक्कलकुवा तालुक्यातल्या आश्रमशाळेत. तिथल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं घर डाबच्या बाजूला होतं. जानेवारीत तिच्या घरी मुक्कामाला गेले. रात्र निरभ्र होती, पान हलत नव्हतं, चुलीपासून दोन हात लांब गेलं की हाडं गोठत. पहाटे आजीनं मला हलवून उठवलं आणि बाहेर नेलं. गवत पांढरं झालं होतं. पेंढ्याच्या गंजीवर, पालथ्या टोपलीवर, कुंपणाच्या काटक्यांवर बर्फाचा पातळ थर. पातं बोटांनी ओढलं तर कुरकुर आवाज होऊन बर्फाची सळई सुटून आली आणि तळव्यावर पाणी झाली.

वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात बातमी येते की सातपुड्यात दवबिंदू गोठले. वाचणाऱ्याला वाटतं, हवा शून्य अंशाला गेली. तसं असतंच असं नाही. ढग नसलेल्या, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतात. हवेतल्या बाष्पाचे रेणू त्या गार पात्यावर येऊन थांबतात. आधी दव होतं, मग ते गोठतं. कधी तर बाष्प मधली पायरी गाळून सरळ बर्फच होतं. झाडाखालचं गवत मात्र हिरवंच होतं, कारण झाडानं वरून छत धरलेलं. आजीनं तेच मला दाखवलं. तिची शेळी आणि बी-बियाणं त्या रात्री झाडाखाली होतं. नात भिलीतून मराठी करून सांगत होती, "आजी म्हणते, उघडं आभाळ ऊब खातं." याहून नेमकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

त्याच आजीकडे चैत्रात पुन्हा गेले. मोहाची फुलं पडायचे दिवस. पहाटे वेचलेली फुलं अंगणात सुकत होती. वाळवून ठेवलेली फुलं पाण्यात काही दिवस भिजवून आंबवायची आणि मग चुलीवर चढवायची. कुळाच्या कार्यात पहिली धार देवाला आणि पूर्वजांना वाहायची, ही तिथली रीत. दारूनं मोडलेली घरं मी त्याच डोंगरात पाहिली आहेत, त्यामुळे तिचं कौतुक मला करायचं नाही. मला सांगायचं आहे ते आजीच्या हातातलं कसब. मातीचं मडकं चुलीवर, त्याच्या तोंडातून निघालेली बांबूची नळी, नळीचं दुसरं टोक थंड पाण्यात बसवलेल्या भांड्यात, आणि सांध्यांना ओल्या मातीचा लेप. आच मंद. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, पाणी शंभरला; आच जोरात केली तर पाणीच जास्त येतं, हे तिला धारेच्या चवीवरून कळायचं.

भांड्याभोवतीच्या पाण्यात ती मधून मधून हात बुडवून बघायची. पाणी कोमट झालं की उपसून नवं गार पाणी ओतायची. मी नातीकरवी विचारलं, खाली विस्तव भांड्यापासून इतका लांब, मग हे पाणी तापतं कशानं? आजीनं नळीकडे बोट केलं. "वाफ घेऊन येते. इथे ठेवून जाते."

मी तिथेच खाली बसले. सरांनी फळ्यावर शून्याखाली शून्य लिहून घेतलं होतं, त्याची दुसरी बाजू माझ्यासमोर होती. कणांना एकमेकांपासून सोडवताना जी उष्णता पाऱ्याला न दिसता आत गेली, ती हरवलेली नव्हती. वाफेचे कण पुन्हा एकत्र आले त्या क्षणी ती सगळीच्या सगळी परत मिळत होती आणि आजीचा तळहात ती मोजत होता. पाण्याच्या वाफेच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी, अल्कोहोलच्या सुमारे २००. घेताना जेवढी घेतली, देताना तेवढीच. पाणी गोठतानाही तसंच: वितळताना घेतलेल्या ८० कॅलरी ते परत करतं. थंड मुलखातले फळबागायतदार याच हिशेबावर कडाक्याच्या रात्री झाडांवर पाणी फवारत राहतात. पाणी गोठत असतं तोवर उष्णता देत राहतं, आणि कळी शून्याच्या खाली फारशी जात नाही.

*

माणसामाणसांतल्या देण्याघेण्याचा विचार करताना मला ही उष्णताच आठवते. सर ओसरीवर येऊन बसले, मामीनं पाचवं पान वाढलं, मावशींनी माझ्या बोटांना तेल लावलं, आजीनं पहाटे हलवून उठवलं. त्या त्या वेळी माझ्यात वरून बघणाऱ्याला काही बदल दिसला नसता. गुणपत्रिकेत त्याचा रकाना नव्हता. पण आत काहीतरी सैल होत होतं: भीती, संकोच, मुलीच्या जातीनं गप्प बसावं ही शिकवण. हे देणं दिसलं नाही म्हणून ते झालंच नाही असं म्हणता येत नाही. आणि घेतलं तेवढं परत केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

परत करायचं कुणाला, हा प्रश्न आहे. सर गेले त्याला बराच काळ झाला. मामानं निवृत्तीनंतर गावी जाऊन शेती धरली आणि तिथेच देह ठेवला. पथारीवरच्या मावशी पुढे कुठे गेल्या ते शोधूनही कळलं नाही. आजी तर माझी बदली होण्याआधीच गेली. चौघांनीही माझ्याकडून कधी काही मागितलं नाही. तेव्हा मी ते माझ्यासमोर बसलेल्या पोरांना देत आले. आठवीला 'द्रव्याचे संघटन' शिकवताना व्याख्या शेवटी घ्यायची, आधी विचारायचं: तुमच्या घरी काय उकळतं, काय वाळतं, काय गोठतं? धडगावच्या पोरानं मोहाच्या भट्टीबद्दल सांगितलं तर त्याला लाजवायचं नाही. त्यातलं संघनन त्याच्याच तोंडून काढायचं आणि दारूबद्दल जे सांगायचं ते वेगळं, स्पष्ट सांगायचं. ज्या पोरीची आई पथारीवर जाते तिनं बाष्पीभवनाचा तास घ्यायचा. आपल्या आईला येतं ते शास्त्र आहे हे कळलं की त्या मुलीची मान ताठ होते. तिला पुस्तक परकं वाटेनासं होतं.

नव्यानं लागणाऱ्या शिक्षकांना माझं एक मागणं आहे. प्रयोगशाळेचं साहित्य जरूर मागा, भांडून मागा. मुलांचा तो हक्क आहे. पण त्याची वाट पाहत धडा अडवून ठेवू नका. गावात कारखान्यातला पॅनमन असेल, रात्रीच्या थंडीत पिकाला पाणी देणारा शेतकरी असेल, मिरची वाळवणारी बाई असेल, कुल्फीवाला असेल, लोहार असेल. त्यांना शाळेत बोलवा, पाहुण्यासारखं खुर्चीवर बसवा आणि मुलांना त्यांना प्रश्न विचारू द्या. त्यांना रेणू हा शब्द ठाऊक नसेल. रेणू काय करतो हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. ते शिकवतील, मुलं शब्द जोडतील, आणि तास संपल्यावर त्यांचे आभार त्यांच्या नावानिशी फळ्यावर लिहा. माझ्या चौघांची नावं कुठल्या फळ्यावर आली नाहीत. तुमच्या गावातल्यांची तरी यावीत.